कसं काय? : फळ्यावरची रिकामी आकृती

गोंदियाच्या राईस मिलमध्ये भरडाई सुरू झाली की कोंड्याची भुकटी सगळीकडे बसते. तिच्यात तेल असतं, म्हणून ती यंत्राला चिकटते आणि खालचा सैल बोल्ट, बारीक तडा, ग्रीसची गळती झाकून टाकते. टोयोटाच्या कारखान्यांमुळे जगभर पोचलेल्या जपानी ‘फाइव्ह एस’ पद्धतीत म्हणूनच पुसणं हीच तपासणी मानतात. नको ते काढणं, प्रत्येक वस्तूला जागा, सफाई, ठरलेला नियम आणि त्याची सवय, अशा तिच्या पाच पायऱ्या.

मला सर्वांत आवडतो तो दुसऱ्या पायरीतला अवजारांचा फळा. त्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना नसला की ती पडलेल्या दातासारखी नजरेत भरते. यादी तपासावी लागत नाही. शिफ्ट संपताना फळा भरलेला दिसला, की यंत्रात पाना राहिलेला नाही याची खात्री पटते.