चढणीचे मासे आणि उतरणारे विष

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की आमच्या कळवण तालुक्यात दोन प्रवास एकदमच सुरू होतात. गाभोळीने भरलेले मासे गिरणेच्या पात्रातून ओढ्या-नाल्यांत वर चढू लागतात. आणि त्याच ओढ्यांतून शेतांतली माती, हंगामभराच्या फवारणीचा अंश घेऊन, खाली उतरू लागते. विणीचा मुहूर्त निसर्गाने ठरवला. विषाला त्याच मुहूर्तावर आणून सोडले ते आपण.

केमच्या डोंगरात उगम पावलेली गिरणा चणकापूर धरणातून पुढे मालेगाव, जळगावकडे जाते आणि तापीला मिळते. तिच्या पाण्यावर आमचा कांदा पिकतो. मी शेतकऱ्याच्याच घरातला. करपा आणि फुलकिडे काय करतात, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. पण पिकाचे औषध माशाचे काय होते?

काही विषे लवकर विरतात, तरी माशांना अतिशय घातक असतात. काही मात्र विरतच नाहीत. डीडीटी आणि घरोघरी 'गॅमेक्सीन' म्हणून ओळखली जाणारी बीएचसी ही त्यातली. पाण्यात त्यांचा जीव रमत नाही. ती चिखलात आणि चरबीत जाऊन बसतात. शेवाळ खाणाऱ्या किड्यात थोडी, किडे खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, आणि लहान मासे गिळणाऱ्या मरळीत सर्वांत जास्त. मादी हा साठा अंड्यांतल्या बलकातून पिल्लांना देते. जन्मण्याआधीच वारसा!

ही चढती भाजणी किती मोठी असू शकते? कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात चिलटे मारण्यासाठी 1949, 1954 आणि 1957 मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी टाकले गेले. नंतरच्या दोन खेपांचे प्रमाण होते पाच कोटी भाग पाण्याला एक भाग. पुढे तिथले मासे खाणारे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत दहा लाख भागांत 1,600 भाग विष निघाले, म्हणजे पाण्यातल्या प्रमाणाच्या 80,000 पट! रेचेल कार्सन यांनी 1962 साली 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ही हकिगत जगासमोर मांडली.

आपल्याकडेही पावले पडली. शेतीतील डीडीटी 1989 मध्ये आणि बीएचसी 1997 मध्ये बंद झाली. माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमनेच मारणाऱ्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी आणली. चिवट विषांविरुद्धच्या स्टॉकहोम कराराला भारताने 2006 मध्ये मान्यता दिली. 2025 मध्ये त्या यादीत काही सवलतींसह क्लोरपायरीफॉसचीही भर पडली. पण बंदी कागदावर एका दिवसात येते, चिखलातले विष जायला वर्षे लागतात.

आमच्या पाड्यांवर ओढ्यातली मासळी हा चैनीचा पदार्थ नाही. पावसाळ्यात घरातल्या पोराबाळांना मिळणारे ते सर्वांत स्वस्त सकस अन्न आहे. पूर्वी गेळ्याची फळे ठेचून पाण्यात टाकत आणि गुंगलेले मासे धरत. आता कुठे कुठे त्या जागी कीटकनाशकाची बाटलीच रिकामी होते. त्यात मासे तर मरतातच, वर अंडी, किडे, खेकडेही जातात. आणि ते मासे पुन्हा माणसाच्याच ताटात येतात.

फवारणी उद्यापासून थांबवा, असे मी म्हणणार नाही. पण फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नये, बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, ओढ्याकडेच्या बांधावर गवताची पट्टी राखावी, आणि पाऊस तोंडावर असताना फवारू नये. यातले एकही काम खर्चाचे नाही. चढणीच्या माशाला वर जायला स्वच्छ वाट हवी असते. ती आपल्या बांधावरूनच सुरू होते.