शिंगराचा पहिला घोट

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेताना आपण तिचे दात, खूर, चाल आणि भोवरे पाहतो. तिची मागची शिंगरे जगली का, हे मात्र क्वचितच विचारतो. हा प्रश्न का विचारावा, ते पाहू.

जन्मतः शिंगराच्या रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. घोडीच्या वारेतून ती पोटातल्या पिलाला मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून. चिकातील ही द्रव्ये शोषण्याची आतड्याची ताकद पहिल्या 6 ते 12 तासांत भरपूर असते, 24 तासांनी ती संपते. म्हणून शिंगरू दोन-तीन तासांत कासेला लागलेच पाहिजे.

पण कधी कधी हाच चीक घात करतो. शिंगराने बापाचा रक्तगट घेतला आणि तो आईच्या रक्ताला परका असला, तर त्याच्याविरुद्ध मारक द्रव्ये आधीच्या वेतापासून घोडीच्या अंगात तयार असू शकतात. ती चिकात उतरतात आणि शिंगराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. धडधाकट जन्मलेले शिंगरू एक-दोन दिवसांत मलूल होते, धापा टाकते. डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लालसर होते. घरातले म्हणतात, दृष्ट लागली. खरे तर ही रक्त फुटून झालेली कावीळ. पहिलटकर घोडीच्या शिंगरात ती क्वचितच दिसते. घोडीला गाढव दाखवून खेचर पैदा करतात, तेथे प्रमाण अधिक असते.

ज्या घोडीचे शिंगरू असे गेले असेल, तिच्या पुढच्या वेताला ही काळजी घ्या :

1. विण्याआधीच पशुवैद्यांना कळवा. घोडीच्या रक्ताची तपासणी करता येते.

2. शिंगरू जन्मताच त्याला मुसके बांधा. दीड-दोन दिवस आईला पिऊ देऊ नका. मात्र तिच्याजवळच ठेवा. घोडीची कास वरचेवर पिळून चीक फेकून द्या.

3. असा इतिहास नसलेल्या दुसऱ्या घोडीचा चीक पहिल्या काही तासांत थोडा थोडा पाजा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवा, उकळू नका.

4. पिवळेपणा दिसताच शिंगराला पळवू नका. पशुवैद्यांना ताबडतोब बोलवा. वेळेवर रक्त दिल्यास ते वाचू शकते.

दोन दिवसांनंतर त्याच आईचे दूध शिंगराला निर्धोक असते. तेव्हा शिंगरू गेले म्हणून घोडीला अपशकुनी ठरवून विकू नका. तिचे पुढचे शिंगरू जगवणे आपल्या हाती आहे.