पुण्याच्या हवेतली आर्चटॉप

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकलेली नाही असा गाण्याचा शौकीन मराठी माणूस मला क्वचितच भेटतो. १९६७ साली निघालेली ही रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, माणिकराव पोपटकरांचा तबला आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात सुरांमधून पुढे सरकत जातो. संतूर आणि बासरीबद्दल लोक भरभरून बोलतात. गिटारचं विचारलं तर ‘ती हवाइयन होती ना?’ एवढंच म्हणतात. काब्रा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची सळई फिरवत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण त्यांच्या मांडीवर होती ती गिब्सन कंपनीची सुपर ४००, अमेरिकेतल्या जॅझ वाद्यवृंदांसाठी घडवलेली गिटार. १९३४ साली ती बाजारात आली. १८ इंच रुंदीची, आणि नावातच किंमत सांगणारी, ४०० डॉलर. काब्रांनी तिच्या तारा वर उचलून घेतल्या, षड्जाची जादा तार बसवली आणि अली अकबर खाँसाहेबांकडून मिळालेली सरोदची तालीम तिच्यातून बोलती केली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही याच जातीच्या गिटारमधून निघाली.

या जातीला आर्चटॉप म्हणतात. मी पुण्यात अशीच एक जुनी आर्चटॉप घेऊन कार्यक्रम करतो. ‘हिला मधलं भोक का नाही?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

नेहमीच्या गिटारची तबली म्हणजे पातळ, सपाट फळी. तिच्या मधोमध गोल भोक असतं आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तबलीला कायमची चिकटवलेली असते. आर्चटॉपची तबली स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढतात, मध्ये फुगीर आणि कडांकडे पातळ होत जाणारी. पाठ मेपलची, तीही बहुधा तशीच कोरलेली. आवाज बाहेर पडायला दोन बाजूंना इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाच्या चिरा असतात. घोडी कुठेच चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती जागच्या जागी उभी राहते आणि तारा तिच्यावरून जाऊन खालच्या टेलपीसला अडकतात. हे सगळं व्हायोलिनकडून आलं. मिशिगनमधल्या कलामझू गावी ऑरव्हिल गिब्सन यांनी कोरीव तबलीचं तंत्र मेंडोलिनमध्ये आणलं आणि १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. लॉइड लोर गिब्सन कंपनीत काम करत असताना १९२२ मध्ये एल-५ ही गिटार आली आणि एफ चिरांची घडण पक्की झाली.

एवढा खटाटोप करायचं कारण साधं होतं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रमच्या गर्दीत, मायक्रोफोन नसताना, गिटार ऐकू यायला हवी होती. आर्चटॉपचा सूर लांबत नाही. तो चटकन उठतो, लाकडाचा ठसका देतो आणि विझतो, त्यामुळे तालाला धार येते. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७ साली आले आणि जवळपास पन्नास वर्षं, १९८७ मध्ये जाईपर्यंत, मात्रेगणिक एक कॉर्ड देत बसले. एकट्याने पुढे येऊन वाजवणं त्यांनी जवळजवळ टाळलंच. लोकांना चार्ली ख्रिश्चन जास्त आठवतो. १९३९ साली तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, विजेची गिटार सॅक्सोफोनच्या तोडीस तोड उभी केली आणि १९४२ मध्ये पंचविशीतच गेला. त्याचं मोठेपण मान्यच आहे. तरी मला विचाराल तर आर्चटॉप म्हणजे काय हे फ्रेडी ग्रीनच्या उजव्या हातात ऐकावं.

आपल्याकडे हे जॅझ संगीत मुंबईमार्गे आलं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजला आणि पुढची दोन-तीन दशकं गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलातला बँड असं त्यांचं आयुष्य होतं. पुण्याचा वाटा लोक विसरतात. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर आणि त्याचं सरकार पुण्यात मुक्कामाला येई. घोड्यांच्या शर्यतींचा पुण्याचा हंगाम आजही पावसाळ्यातच असतो. मंडळी आली की क्लब भरत, नाच होत आणि नाचाला बँड लागे. तिकडे नदीपलीकडे, १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार केशवराव भोळे पियानो, व्हायोलिन आणि हवाइयन गिटार सिनेमाच्या संगीतात आणत होते. म्हणजे गिटार या शहराला परकी राहिलेली नाही.

माझी आर्चटॉप मला कॅम्पातल्या एका गोवेकर अंकलकडून मिळाली. तरुणपणी ते डान्स बँडमध्ये वाजवत. बोटं आखडली तेव्हा त्यांनी ती मला दिली आणि एकच अट घातली, ‘शोकेसमध्ये लावायची नाही, वाजवायची.’ आत लेबल नाही, पण घडणीवरून ती १९५० च्या दशकातली जर्मन गिटार आहे हे कळतं. त्या वेळच्या बऱ्याच जर्मन आर्चटॉप बव्हेरियातल्या बुबेनरॉइटच्या आसपास बनत. तिथले कारागीर मूळचे श्योनबाख या गावचे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना ते गाव सोडावं लागलं. ते आता चेक देशात आहे. होफनरसारख्या नामांकित कंपन्यांनी तेव्हा नव्या गावात नव्याने बस्तान बसवलं. ब्रिटनमध्ये होफनरच्या गिटार लंडनची सेल्मर कंपनी विके. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने पोरवयात वाजवलेली होफनर प्रेसिडेंट त्यांतलीच.

आता पुण्याच्या हवेविषयी, कारण जुनी आर्चटॉप सांभाळणं म्हणजे निम्मं हवेशी वागणं. लाकडाला हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्के असला की बरं वाटतं. पुण्यात ऑगस्टमध्ये तो ८० च्या वर जातो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्या खाली घसरतो. पावसाळ्यात तबली पाणी पिऊन फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा पडद्यांपासून लांब जातात आणि बोटं दुखू लागतात. उन्हाळ्यात उलटं होतं. तबली आक्रसते, तारा पडद्यांवर खरखरतात आणि एखाद्या दुपारी तबलीवर भेगेची रेघ दिसते. त्यात सहा तारांची मिळून ७० किलोच्या आसपास ओढ त्या जुन्या लाकडावर अहोरात्र असते.

माझ्या गिटारला अशी रेघ एका एप्रिलमध्ये खालच्या एफ चिरेच्या टोकापासून निघाली. मी ती घेऊन शहरातल्या एका सतारमेकरकडे गेलो. घराणं मिरजेचं. मिरजेतले शिकलगार पूर्वी हत्यारं घडवत आणि धार लावत. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या सतारमेकर चाचांनी गिटार कधी दुरुस्त केली नव्हती. त्यांनी तबलीवर नख वाजवलं, कान लावला, आरशाचा तुकडा आणि छोटा दिवा आत घालून पाहिलं.

‘आत सरस आहे, सर. जुनं काम आहे. याला कुणी फेव्हिकॉल लावला असता, तर मी हात लावला नसता.’

सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो, म्हणून सरसाने जोडलेलं वाद्य पुन्हा उघडता येतं आणि पुन्हा जोडता येतं. घट्ट बसलेला पांढरा गोंद तसा सुटत नाही, उघडायला जावं तर लाकूडच फाटतं. चाचांनी ओलसर फडक्याने रेघेच्या कडा आधी जवळ येऊ दिल्या, मग कोमट सरस बोटाने आत दाबला आणि आतून स्प्रूसच्या बारीक चकत्या आडव्या बसवल्या. घोडीसाठी त्यांनी जे केलं ते मी आजही करतो. तबलीवर घोडीच्या जागी पॉलिश कागद खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि घोडीचे पाय त्याच्यावर हलके मागेपुढे घासायचे. तबलीचा फुगवटा जसा आहे तसा घोडीच्या तळव्यात उतरतो. मध्ये नखाएवढी फट राहिली तरी आवाज अर्धा होतो. सतारीची घोडी घासून जवारी लावणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही.

घोडी सुटी असल्यामुळे आणखी एक पथ्य आहे. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. काढल्या की घोडी सरकते आणि सूर पडद्यांवर बसेनासे होतात. एकेक तार बदलायची. घोडीच्या पायांशी पेन्सिलची बारीक खूण असावी, आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर व तिथलाच नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर जुळतात का हे पाहावं. तसे जुळले की घोडी जागेवर आहे असं समजावं.

जुन्या आर्चटॉपवर बोटांच्या आधाराला लावलेली पट्टी आणि कडेची किनार बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते. म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचंच द्रव्य, नायट्रोसेल्युलोज. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळून गेली. पुणेकरांना ते आठवत असेल. गिटारवरची पट्टी पेट घेईल इतकी भीती नको, पण ती म्हातारी झाली की कुजते, भुकटी होते आणि तिच्यातून आम्लाची वाफ निघते. बंद केसमध्ये ती वाफ कोंडली की तारांना आणि पडद्यांना गंज चढतो. केस उघडल्यावर आंबूस वास आला तर पट्टी ताबडतोब काढून वेगळी ठेवावी. माझी मी काढून ठेवली आहे.

कार्यक्रमाला ही गिटार नेताना वेगळाच विचार करावा लागतो. तिचं पोट पोकळ, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर मोठा केला की तबली स्वतःच त्या आवाजाने थरथरते, ते थरथरणं पिकअप पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि हॉलभर घुमारा सुटतो. मी अ‍ॅम्प लहान ठेवतो, कमरेच्या उंचीवर, आणि त्याच्याकडे पाठ न करता तिरका उभा राहतो. खर्ज कमी करतो. ड्रमवाला ब्रश घेऊन वाजवणारा असेल तर चिरा उघड्या ठेवतो, नाहीतर त्यांत स्पंजचे तुकडे बसवतो. डीपी रोडच्या लॉनवर डिसेंबरच्या रात्री थंडीने तारा आखडून सूर चढतात, म्हणून दर दोन गाण्यांनी जुळवाजुळव करावी लागते. केस अवजड, दुचाकीवर बसत नाही, रिक्षाच करावी लागते. एवढं करून तिथे पोचलो की पहिल्या कॉर्डला कुणीतरी मान वर करून पाहतं. दारं बंद असलेल्या छोट्या जागेत, कपबशांच्या आवाजात, ती सगळ्यांत सुंदर वाजते. कोरेगाव पार्कात एबीसी फार्म्समधल्या शिशा कॅफेने जॅझला दीर्घकाळ घर दिलं, त्याबद्दल पुण्याच्या वादकांना कृतज्ञता वाटते. अशा आणखी जागा हव्यात.

नवी घ्यायची असेल तर कोरीव तबलीच्या मागे लागू नका. प्लायच्या तबलीची आर्चटॉप पुण्याच्या हवेत जास्त टिकते आणि अ‍ॅम्पसमोर कमी घुमते. १९४९ सालची गिब्सन ईएस-१७५ प्लायचीच होती आणि जॅझच्या कितीतरी उत्तम रेकॉर्ड तिच्यावर झाल्या. जुनी गिटार परदेशातून आणायची तर तिच्यातलं शिसवी लाकूड कुठलं ते आधी पाहा. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि कागदपत्रांशिवाय ती सीमेवर अडकते.

शेवटी एक विनंती. पुण्यात, विशेषतः कॅम्प, खडकी आणि घोरपडीतल्या जुन्या घरांत, माळ्यावर एफ चिरांच्या गिटार अजून पडून आहेत. जुन्या बाजारातही बुधवारी-रविवारी एखादी दिसते. तुमच्या घरी अशी असेल तर भंगारात देऊ नका आणि हौसेने पॉलिशही करू नका. तारा सैल करा, एकदम काढू नका. केस उघडून वास घ्या. मग ती एखाद्या सतारमेकरला किंवा वाजवणाऱ्याला दाखवा, आणि वाजवणाऱ्याच्या हाती द्या.