आतड्यांचा दाह आणि आहारातील स्निग्धाम्ले

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक औषधांइतक्याच आस्थेने विचारतात, "आता घरात तेल कोणते वापरावे?" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

करडई आणि सूर्यफूल यांच्या पारंपरिक तेलांत ओमेगा-६ कुळातील लिनोलेइक आम्ल विपुल असते. शरीरात त्याच्या काही अंशापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की त्यापासूनच प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन ही दाह चेतवणारी द्रव्ये निर्माण होतात. बांगडा, तारली यांसारख्या मासळीतील ओमेगा-३ आम्ले त्याच विकरांसाठी स्पर्धा करतात. त्यांच्यापासून बनणारी द्रव्ये सौम्य असतात आणि काही तर दाह शमविण्यास साहाय्य करतात. जवसातही ओमेगा-३ आहे, परंतु मासळीतील प्रकारात त्याचे रूपांतर शरीरात अत्यल्पच होते.

यावरून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हाच उपाय, असे वाटणे स्वाभाविक आहे. १९९६ साली इटलीत क्रोन्सच्या ७८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, वर्षअखेर कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के रुग्णांचा आजार शांत राहिला. इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सातशेहून अधिक रुग्ण होते आणि तो लाभ त्यांत आढळला नाही. म्हणूनच महागड्या कॅप्सूल आणून मूळ औषधे परस्पर बंद करणे, हा आमच्या मते सर्वांत घातक प्रयोग होय. आजार उलटतो आणि पुन्हा दाखल होण्याचा खर्च कुटुंबावर पडतो.

एका स्निग्धाम्लाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते तेलात शोधावे लागत नाही. डाळी, भाज्या, फळे यांतील चोथ्यावर मोठ्या आतड्यातील जिवाणू ब्युटिरिक आम्ल तयार करतात, आणि तेथील अस्तराच्या पेशींचे ते मुख्य इंधन आहे. तथापि आजार बळावलेला असताना किंवा आतडे अरुंद झाले असल्यास चोथा अपायकारक ठरू शकतो. तेव्हा तो डॉक्टरांना विचारूनच वाढवावा. आहारतज्ज्ञांकडे येताना घरात महिन्याला कोणते तेल किती लागते आणि जेवणारी माणसे किती, याची नोंद नातेवाइकांनी सोबत आणावी.