रांग आणि तिचे चित्र

दुर्गहून दल्लीराजहराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मरोदा हे एक लहान स्थानक आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याला लागणारे लोहखनिज राजहराच्या खाणींतून याच मार्गाने येत आले आहे. त्यामुळे बाजूच्या रुळावर आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असलेली मालगाडी हे दृश्य या परिसरात राहणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. या उभ्या गाडीचे एक चित्र मात्र आपल्याला दिसत नाही. ते दूरच्या नियंत्रण कार्यालयात असते. कागदावर उभ्या बाजूला स्थानकांची नावे, आडव्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते. एकाच स्थानकापुढे दोन-तीन आडव्या रेघा एकाखाली एक दिसू लागल्या, की तेथे रांग लागली आहे असे नियंत्रक ओळखतो. ही आलेखने अनेक वर्षे हाताने, पेन्सिलीने काढली जात. आता ती संगणकाच्या पडद्यावर उमटतात. साधन बदलले तरी मूळ प्रश्न तोच राहिला आहे: रांग क्षणोक्षणी बदलत असताना तिचे चित्र तिच्याशी प्रामाणिक कसे ठेवायचे?

हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे मांडण्यास एक कारण आहे. त्याच्या मुळाशी असलेला भेद मराठी भाषेने दोन स्वतंत्र प्रश्नार्थक शब्दांत फार पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. ‘कोण?’ हा एक प्रश्न आणि ‘कितवा?’ हा दुसरा. पहिला ओळख विचारतो, दुसरा स्थान. ‘कितवा’ या शब्दाला इंग्रजीत एका शब्दाचा पर्याय नाही. तेथे वाक्य वळवून घ्यावे लागते. भिलाईसारख्या बहुभाषी नगरात मराठी माणूसदेखील खिडकीपाशी ‘कौन-सा नंबर चल रहा है’ असेच विचारतो, आणि त्या ‘नंबर’ शब्दात ओळख व स्थान या दोन्ही गोष्टी बेमालूम मिसळून जातात. संगणकाच्या आज्ञावल्यांतही नेमकी हीच मिसळ होते, आणि तिचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी घरातील एका वृद्ध व्यक्तीस घेऊन एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलो होतो. भिंतीवरील पडद्यावर टोकन क्रमांकांची यादी होती. तीच यादी खिडकीतील लिपिकापुढेही होती. आमचे टोकन यादीत चौथे होते. तिसऱ्या ओळीतील रुग्ण पुकारूनही आला नाही, म्हणून लिपिकाने त्या ओळीवर ‘गैरहजर’ अशी खूण करण्यासाठी बोट नेले. त्याच क्षणी आत डॉक्टरांनी पहिला रुग्ण तपासून संपविला. पहिली ओळ नाहीशी झाली, खालच्या सर्व ओळी एकेक घर वर सरकल्या, आणि बोट पडले ते आमच्यावर. आम्ही समोर बसलेलो असताना यादीच्या दृष्टीने गैरहजर ठरलो. ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यास दोन तास लागले. लिपिकाचा दोष नव्हता, डॉक्टरांचा नव्हता. रांगही आपल्या जागी बिनचूक होती. चूक होती ती रांग आणि चित्र यांच्यामधल्या सांध्यात.

हा सांधा समजून घ्यायचा तर प्रथम दोन्ही वस्तू वेगळ्या मानाव्या लागतात. ट्रिग्व्हे रीन्सकाऊग या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञाने १९७८-७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात काम करीत असताना हा विचार पद्धतशीरपणे मांडला. वस्तुस्थिती सांभाळणारा भाग, तो दाखविणारा भाग आणि वापरणाऱ्याचे हात-बोट ओळखणारा भाग असे तीन घटक त्याने निराळे केले. आपण त्यांना प्रतिमान, दर्शन आणि नियंत्रक म्हणू. दर्शनाने स्वतःजवळ रांग साठवायची नाही, प्रतिमानाला विचारून ती दाखवायची, हा या मांडणीचा गाभा होय. ज्या क्षणी दर्शन आपली स्वतंत्र प्रत बाळगू लागते, त्या क्षणी दोन रांगा अस्तित्वात येतात.

परंतु रांग बदलली हे दर्शनाला कळावे कसे? एक मार्ग म्हणजे ठरावीक काळाने विचारत राहणे. हा मार्ग सोपा खरा, पण दोन विचारण्यांच्या मधल्या काळात चित्र शिळे असते. आणि काहीच बदललेले नसताना केलेली चौकशी वाया जाते. दुसरा मार्ग असा, की बदल ज्याच्याकडे झाला त्यानेच तो कळवावा. या दुसऱ्या मार्गाचे एक सुंदर उदाहरण आपल्या वारीत आहे. पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या गोळा होतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार आवाजाच्या दिशेने जातो, तक्रार ऐकतो. प्रत्येक दिंडीपाशी जाऊन ‘तुमचे काही आहे काय?’ असे विचारण्याची गरज उरत नाही. शांतता म्हणजे बदल नाही. ज्याचे काही आहे तोच वाजवितो. शेकडो दिंड्यांचा समुदाय इतक्या थोड्या श्रमात ऐकून घेण्याची ही रीत आजच्या आज्ञावलीकारांनीही कौतुकाने पाहावी अशी आहे.

केवळ ‘काहीतरी बदलले’ एवढेच कळविले, तर दर्शनाला संपूर्ण यादी पुसून पुन्हा लिहावी लागते. दहा ओळींची यादी असेल तर बिघडत नाही. हजार ओळींची असेल तर पडदा लुकलुकतो, वाचणारा जेथे होता ती जागा हरवते, त्याने निवडलेली ओळ सुटते. म्हणून नेमका बदल कळवावा लागतो: अमुक ओळ गळाली, अमुक दोन ओळींच्या मध्ये एक नवी आली. नियंत्रण कार्यालयातील पेन्सिल हेच करीत असे. नियंत्रक प्रत्येक निरोपासरशी नवा कागद घेत नसे. ज्या गाडीची वर्दी आली तिचीच रेघ तो पुढे ओढीत असे.

नेमकेपणा आला की क्रमाचा काटेकोरपणाही येतो. समजा, पाच नावांच्या यादीतून दुसरे आणि चौथे गाळायचे आहे. दुसरे गाळताच मूळचे चौथे नाव तिसरे झालेले असते. आता जो ‘चौथा’ गाळील तो प्रत्यक्षात पाचव्याला गाळील. यावर उपाय म्हणजे खालून वर येत गाळणे, किंवा प्रत्येक गाळणीनंतर स्थाने नव्याने मोजणे. प्रत्येक निरोप हा त्या क्षणीच्या यादीविषयी असतो. एक निरोप हुकला किंवा मागेपुढे झाला, तर पुढचे सारे निरोप खरे असूनही खोटे ठरतात.

आणखी एक अडचण अशी, की रांग बदलणारे हात अनेक असतात आणि चित्र काढणारा एकच. चित्र अर्धे काढून झाले असताना रांग हलली तर वरची अर्धी यादी जुनी आणि खालची अर्धी नवी असा प्रकार घडतो. एखादे नाव दोनदा दिसते किंवा मुळीच दिसत नाही. म्हणून पडद्याला स्पर्श करण्याचा अधिकार बहुतेक प्रणालींत एकाच कार्यधाग्याला दिलेला असतो. इतरांनी आपापले निरोप त्याच्यापाशी क्रमाने ठेवायचे आणि त्याने ते एकेक करून उचलायचे. म्हणजे रांग दाखविण्यासाठी निरोपांची दुसरी रांग लावावी लागते! या गमतीतून सुटका नाही.

आता मूळ भेदाकडे वळू. रुग्णालयातील यंत्राने लिपिकाच्या बोटाचा अर्थ ‘तिसरी ओळ’ असा घेतला. तो ‘या टोकनाचा रुग्ण’ असा घ्यायला हवा होता. एका प्रश्नाचे उत्तर त्याने दुसऱ्या प्रश्नासाठी वापरले. वारीत रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असल्याने ‘रथापुढील तिसरी’ म्हणजे कोण हे सर्वांना ठाऊक असते. तेथे स्थान हीच ओळख होऊ शकते. रांगेचे तसे नाही. रांगेत स्थान सतत घटत जाते, किंबहुना ते घटावे यासाठीच माणूस रांगेत उभा असतो.

रेल्वेच्या आरक्षणव्यवस्थेने हा भेद चांगला सांभाळला आहे. तिकिटावर दहा अंकी क्रमांक असतो. तो ‘कोण’ सांगतो आणि प्रवास संपेपर्यंत बदलत नाही. प्रतीक्षायादीतील क्रमांक ‘कितवा’ सांगतो. तिकीट काढताना तो चाळीस असेल, चार दिवसांनी बारा होईल. चौकशी केली की आरंभीचा आणि आताचा असे दोन्ही आकडे समजतात. मधल्या कोणी तिकीट रद्द केले तरी बाराव्याचा गोंधळ होत नाही, कारण यंत्र त्याला बारावा म्हणून ओळखतच नाही. गाडी सुटण्यापूर्वी आरक्षणतक्ता तयार होतो. वर्षानुवर्षे तो सुमारे चार तास आधी होत असे. २०२५ मध्ये तो आठ तास आधी होऊ लागला. डब्याच्या दाराशी चिकटविलेला कागदी तक्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याभोवतीची गर्दी आठवत असेल. कागद स्वतः बदलू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी रांगच गोठवावी लागे. हाही जुळणी राखण्याचा एक मार्गच, आणि दीर्घकाळ तो पुरेसा ठरला. २०१८ मध्ये मोठ्या स्थानकांवर असे तक्ते चिकटविण्याचे बंद करण्यास सुरुवात झाली. पुढे तिकीट तपासनीसांच्या हाती छोटी यंत्रे आली. रिकामी राहिलेली जागा धावत्या गाडीतच पुढच्याला मिळू लागली. गोठविलेली रांग पुन्हा थोडी वाहती झाली.

त्या रुग्णालयातील यादी दुरुस्त करायची झाली तर काम फार मोठे नाही. ओळीला स्पर्श होताच ओळीचा अनुक्रम न पाठविता तिच्यावरील टोकन क्रमांक पाठवावा. त्या टोकनाचा रुग्ण आता रांगेत नसेल तर तसे लिपिकास सांगावे. मात्र एवढ्यानेही एक फट राहते. डोळ्याने तिसरी ओळ वाचली आणि बोट टेकले, या अर्ध्या क्षणात यादी सरकली, तर यंत्र प्रामाणिकपणे त्या बोटाखाली नव्याने आलेल्या टोकनाचाच क्रमांक पाठवील. तेथे यंत्राला ओळख आणि स्थान यांची गल्लत झालेली नसते, माणसाची झालेली असते. यावर काही यादीकार असे करतात, की बोट किंवा बाण यादीवर असेपर्यंत ओळी जागच्या हलवायच्या नाहीत. तपासून झालेला रुग्ण फिका दाखवायचा, नवे आलेले रुग्ण वरच्या कोपऱ्यात केवळ संख्येने कळवायचे, आणि हात बाजूला झाला की मग सारी यादी एकदम जुळवून घ्यायची.