अकरा आठवड्यांत बारावीचे भौतिकशास्त्र

2023 च्या डिसेंबरातली गोष्ट. दहावीपर्यंत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. हातात बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक, पाने अजून करकरीत. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात या विषयाच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती. तालुक्याला शिकवणी होती, पण तिथली फी आणि रोजचे एसटीचे भाडे घरच्यांना झेपणारे नव्हते. "बाई, माझं मी वाचून होईल का?" तिने विचारले. लेखी परीक्षा फेब्रुवारीअखेर. मधे अकरा आठवडे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बारावीला कधी शिकवलेले नाही. तेव्हा 'मी शिकवते' असे म्हणण्याची सोयच नव्हती. वाचायचे कसे, एवढेच तिच्याबरोबर बसून ठरवता येण्यासारखे होते. अशी मुले आपल्यापैकी अनेकांकडे येत असतील, म्हणून त्या अकरा आठवड्यांत काय साधले आणि काय फसले ते इथे मांडते आहे.

तिने वेळापत्रक तयार करूनच आणले होते. राज्य मंडळाच्या पुस्तकात सोळा प्रकरणे. रोज दोन तास धरले तर सुमारे दीडशे तास, म्हणजे दर प्रकरणाला नऊ-साडेनऊ तास. हा भागाकार दिसायला चोख आहे, पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. सोळा प्रकरणे म्हणजे सोळा वेगळ्या गोष्टी, असे ते गृहीत. भौतिकशास्त्रात तसे नसते.

दोलनांचे प्रकरण घ्या. स्प्रिंगला टांगलेले वजन खाली ओढून सोडले की ते मूळ जागी परत येते, पण जडत्वामुळे तिथे न थांबता पलीकडे जाते. आता बरेच पुढचे प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रकरण उघडा. भारित धारित्र तारेच्या वेटोळ्याला जोडले की त्याच्यावरचा विद्युतभार वाहून जाऊ लागतो. भार शून्य झाला तरी वेटोळे प्रवाहाला एकदम थांबू देत नाही, त्यामुळे धारित्र उलट बाजूने भारित होते. पुन्हा तेच येणे-जाणे. वस्तुमानाच्या जागी वेटोळ्याचे स्वप्रवर्तन, विस्थापनाच्या जागी विद्युतभार, स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी धारकतेचा व्यस्त, एवढी अदलाबदल केली की एका प्रकरणातले समीकरण उचलून दुसऱ्यात ठेवता येते. दोलने नीट समजली तर तरंगांचे अध्यारोपण आणि तरंग-प्रकाशिकी या प्रकरणांचाही बराचसा भाग हाती लागतो. परिवलन गतीचे प्रकरण तर अकरावीच्या सरळ रेषेतल्या गतीचेच दुसरे रूप आहे. बलाऐवजी टॉर्क, वस्तुमानाऐवजी जडत्व आघूर्ण, संवेगाऐवजी कोनीय संवेग.

असे करीत आम्ही सोळा प्रकरणांच्या पाच मोळ्या बांधल्या: परिवलन, दोलने व तरंग, उष्णता, वीज व चुंबकत्व, आणि शेवटी अणू-इलेक्ट्रॉनांची तीन प्रकरणे. द्रायूंचे प्रकरण कुठल्याच मोळीत बसेना, ते एकटेच राहिले. राहू दिले.

पहिले दोन आठवडे मात्र बारावीचे पुस्तक उघडायचेच नाही, असे मी सांगितले. यावरून आमचे जवळजवळ भांडण झाले. अकरावीचे सदिश, न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, थोडे अवकलन आणि साइन वक्राचा आलेख, एवढेच करायचे. "अकरा आठवड्यांतले दोन असेच घालवायचे?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी तिला एक साधा प्रश्न विचारला. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याच्यावर बल किती? "शून्य. तिथे तो थांबलेला असतो ना." गुरुत्वाकर्षण त्या क्षणी सुट्टीवर गेलेले नसते, हे तिला माहीत होते. पण 'गती नाही म्हणजे बल नाही' ही समजूत त्याहून जुनी आणि चिवट होती.

यात तिला कमीपणा येण्यासारखे काही नाही. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बलाच्या कल्पनेवर एक प्रश्नसंच प्रसिद्ध केला. त्यात आकडेमोड नाही, सगळे असेच साधे प्रश्न. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत गतिशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम झालेली मुलेसुद्धा त्यांत मोठ्या संख्येने चुकत. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी असाच एक प्रश्नसंच आपल्या वर्गाला दिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला वाटते तशी? या दोन उत्तरांत जोवर अंतर आहे, तोवर पुढे वाचलेले सगळे वरच्या थरात साठत जाते. शिक्षक समोर असेल तर तो ते अंतर हेरतो. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याला कोण सांगणार?

तिसऱ्या आठवड्यात याचा चांगलाच अनुभव आला. परिवलनाच्या मोळीत उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूंचे सोडवलेले उदाहरण आहे. तिने ते वहीत सुंदर अक्षरात उतरवले होते. न घसरता घरंगळताना भरीव चकतीचे त्वरण नुसत्या घसरण्याच्या त्वरणाच्या दोन-तृतीयांश, कड्याचे निम्मे. सगळे बरोबर. मी कॅरमचा स्ट्रायकर आणि माझी एक पितळी बांगडी टेबलावर ठेवली आणि विचारले, उतारावरून दोन्ही एकदम सोडली तर खाली आधी कोण पोचेल? "बांगडी. ती जड आहे." उत्तर तिच्याच वहीत, बोटाखाली होते!

एक मीटर लांबीची फळी दहा सेंटिमीटर उंच करून दोन्ही सोडली. स्ट्रायकर सुमारे पावणेदोन सेकंदांत खाली येतो, बांगडीला जवळजवळ दोन सेकंद लागतात. घड्याळाची गरजच पडत नाही, कारण स्ट्रायकर तळाशी पोचतो तेव्हा बांगडी अजून पाव मीटर मागे असते. वस्तू लहान-मोठी, हलकी-जड कशीही घ्या, हे पाव अंतर बदलत नाही. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असल्याने खाली येताना मिळालेल्या ऊर्जेतला निम्मा वाटा फिरण्यातच जातो. चकतीच्या बाबतीत एक-तृतीयांश जातो. त्या संध्याकाळी तिने हे पाच-सहा वेळा करून पाहिले, आणि मग वहीतले ते पान फाडून पुन्हा लिहिले.

सोडवलेली उदाहरणे हा स्वयं-अध्ययनातला सर्वांत मोठा आधार, आणि फसवा आधारही तोच. मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये गतिशास्त्राची उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने बोलत अभ्यास करायला सांगून त्यांचे बोलणे टिपले. पुढे गणिते चांगली सोडवणारे विद्यार्थी दर पायरीला स्वतःला समजावत होते, आणि इथे मला कळत नाही असेही वारंवार म्हणत होते. कच्चे विद्यार्थी मात्र सगळे कळते आहे असे समजून पुढे जात. म्हणून आम्ही नियम केला. वहीच्या पानाला उजवीकडे दोन बोटे समास, आणि दर ओळीसमोर 'का' याचे उत्तर आपल्या मराठीत. समास कोरा राहिला तर तिथे फुली. शनिवारी ती येई तेव्हा आम्ही फक्त फुल्या पाहत असू. काही फुल्या मलाही सुटल्या नाहीत.

मराठीत लिहिण्याचे आणखी एक कारण होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग एकदम इंग्रजी पुस्तक. 'टॉर्क' हा शब्द ती सहज वापरीत होती, पण म्हणजे काय विचारले तर गप्प. 'बल-आघूर्ण' या आपल्या शब्दाने फारसा उजेड पडला असे मी म्हणणार नाही. शेवटी तिने स्वतःच लिहिले, 'लांब पान्याने नट लवकर सुटतो ते'. व्याख्या म्हणून हे चालणार नाही, पण त्यानंतर तो शब्द तिचा झाला.

दुसरा नियम पुस्तक मिटण्याचा. एखादे सूत्र कसे आले ते वाचले की पुस्तक मिटायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते आठवून लिहायचे. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे. कमी दिवस उरलेल्या मुलाला पुन्हा वाचणे हेच सुरक्षित वाटते, कारण त्याचा आनंद लगेच मिळतो.

आता फसलेले सांगते. विजेच्या मोळीला मी तीन आठवडे धरले होते, लागले साडेचार. त्यामुळे अणुकेंद्र आणि अर्धवाहक शेवटच्या चार दिवसांत, निव्वळ पाठांतराने झाले. जुन्या प्रश्नपत्रिका मी आठव्या आठवड्यापर्यंत हाताळू दिल्या नाहीत. आधी समजू दे, मग परीक्षा, असा माझा हट्ट. ते चुकले. वेळेत उत्तर लिहिणे हे वेगळेच कौशल्य आहे, चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक तास तरी त्याला द्यायला हवा होता.

आणि प्रात्यक्षिके. शंभरातले तीस गुण त्यांचे, पण प्रश्न नुसत्या गुणांचा नव्हे. मीटर ब्रिजच्या तारेवर सरकती कळ ठेवून काटा शून्यावर आणणे कागदावर शिकता येत नाही. तिथल्या प्रयोगशाळा सहायकांनी जानेवारीत चार शनिवार दोन-दोन तास दार उघडून दिले. ते नसते तर आमच्या मोळ्या तिथेच सुटल्या असत्या.

लेखी परीक्षेत तिला सत्तरपैकी सेहेचाळीस मिळाले. अर्धवाहकांवरचा एक प्रश्न पाठांतरावर निभावला, दुसरा तसाच सुटला. बांगडी आणि स्ट्रायकरचा प्रयोग मी आता नववीच्या वर्गात करते, सूत्राशिवाय. मुले पैज बहुधा बांगडीवरच लावतात.