पणजोबांचे धंदे किती?

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली जुनी बासनं सुटू लागली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी शोधायची होती कुणबी नोंद, तीही 1967 पूर्वीची. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना 14, शाळेचं जनरल रजिस्टर ही नावं तर लोकांच्या ओळखीची. पण तपासायच्या कागदांच्या यादीत कच्च्या कैद्यांची नोंदवही होती, अबकारीची ताडी नोंदवही होती, बटाई पत्रक आणि भाडेचिठ्ठीही होती. पणजोबा नेमके कुठे सापडतील याचा भरवसा सरकारलाही नव्हता, असं ही यादी वाचून वाटतं.

शोध जातीच्या रकान्यापुरता होता. तो रकाना वाचला की पान उलटलं जाई. शेजारच्या रकान्यांत मात्र माणसाचा पोटापाण्याचा सगळा खटाटोप लिहिलेला असतो, आणि त्याची कुणाला निकड नसते.

ऑस्ट्रेलियात याच खटाटोपाचा माग काढण्याचा छंद घरोघरी आहे. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ‘ट्रोव्ह’वर खुली केली, त्यामुळे खापरपणजोबांवरचा दावा किंवा त्यांच्या दुकानाची जाहिरात घरबसल्या सापडते. विल्यम बकली हे त्यातलं गाजलेलं नाव. गवंडीकाम शिकलेला हा माणूस सैनिक झाला, चोरीच्या मालापायी 1803 मध्ये कैदी म्हणून तिकडे पोचला, पळाला, 32 वर्षं तिथल्या मूळ रहिवाशांत राहिला, मग दुभाषा झाला आणि उतारवयात होबार्टमध्ये स्त्री-कैद्यांच्या तुरुंगाचा द्वारपाल. एवढं सगळं कळतं, कारण कैद्यावर सरकारची नजर होती. साध्या, निरुपद्रवी माणसाचा माग तिथेही अवघडच. 1882 मध्ये सिडनीच्या गार्डन पॅलेसला आग लागली आणि न्यू साऊथ वेल्सच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेची कागदपत्रं त्यात गेली.

इकडे औरंगाबादच्या मुकुंदवाडीतल्या पणजोबांवर अशी नजर नव्हती. त्यांच्यावर डोळा होता तो महसुलाचा. म्हणून नाव येतं ते जमिनीला चिकटून: सर्व्हे नंबर, आकार, पीक, बाकी. लिपी बहुधा मोडी, नाहीतर उर्दू, कारण हैदराबाद संस्थानाने 1880 च्या दशकात फारसी सोडून उर्दूत कारभार सुरू केला होता. तारीख फसली सनातली. सालात 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे 1310 फसली हे 1900-01. वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई, पुढे दय, बहमन. उर्दू शिकस्ता आणि मोडी वाचणारी मंडळी आता थोडी, आणि 2023 नंतर त्यांना जी मागणी आली ती त्यांनी स्वप्नातही पाहिली नसेल.

कागदावर शेती, पण 1900 सालच्या आसपास कोरडवाहू शेतीवर कोण तगलं? 1899-1900 चा मोठा दुष्काळ आणि मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे, दोन्ही एकाच सुमाराला आले. आज मुकुंदवाडी स्टेशन ज्या मार्गावर आहे, तो हाच. तेव्हा मीटरगेज होता. मातीकाम, खडी, पुढे गँगमनची नोकरी, असा शेतीबाहेरचा पैसा त्याने आणला. शहरात सूतगिरणी 1889 पासून होती. रेल्वेपाठोपाठ जिनिंग आले. एकट्या जालन्यात 9 जिनिंग आणि 5 प्रेस, आणि 1901 मध्ये जिल्ह्यातल्या अशा कारखान्यांत 1,016 माणसं कामाला होती. हा हंगामी रोजगार. कापूस संपला की माणूस पुन्हा बांधावर, आणि पटवाऱ्याच्या दप्तरात तो कधी बांधावरून हललेलाच नसे.

पणजीचं तर विचारूच नये. खुरपणी, वेचणी, जिनातली सरकी हे सगळं तिने केलं, पण खातेदार नसल्याने ती रकान्यातच नाही.

1951 ची जनगणना या बाबतीत उदार निघाली. तिने उपजीविकेचं मुख्य साधन विचारलं आणि दुय्यम साधनही विचारलं. शेती करून गाडी हाकणारा, शेती करून हातमाग चालवणारा असा दुसरा धंदा तिथे अधिकृतपणे मोजला गेला. कूळ की मजूर, हा वादही त्याच काळातला. हैदराबादचा कुळकायदा 1950 चा. कुळ नोंदवहीत नाव लागलं की नाही यावर पुढच्या दोन पिढ्यांचं बस्तान ठरलं.

मग बहात्तरचा दुष्काळ. शेतकरी खडी फोडायला बसला, पाझर तलावाच्या मातीवर गेला, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. हजेरीपटावर तो ‘मजूर’. खाते उताऱ्यावर त्याच साली तो खातेदार. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच माणूस पुरा दिसतो.

त्याच दशकात चिकलठाण्याची एमआयडीसी वाढत होती आणि शिवाराला सिडको येऊन भिडलं. 1982 मध्ये महापालिका झाली, 1985 मध्ये वाळूजला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. या काळाचा उत्तम कागद कोणता म्हणाल, तर भूसंपादनाचा निवाडा. भरपाई ठरवायची म्हणून त्यात विहीर, आंबे, गोठा यांची मोजदाद होते. सात-बाऱ्यावर नुसती ज्वारी दिसणाऱ्या माणसाच्या मळ्यात किती झाडं होती, हे निवाडा सांगतो. जमीन शहरात गेली की येणाऱ्या नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकात तर पिकाचा रकानाच नसतो.

काही कामं तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. 2019 च्या पावसाळ्यात मुकुंदवाडीची लहान मुलं रेल्वेने औरंगाबाद स्टेशनला जाऊन घागरी भरून आणत होती. एका परदेशी वृत्तसंस्थेने फोटोसह बातमी दिली, म्हणून ते काम आपल्याला माहीत आहे.

नातवाचा माग कसा निघेल, हा प्रश्न आणखी किचकट आहे. कायम कामगार असेल तर पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड हाताशी आहे. पण तो आज ठेकेदारामार्फत एका कंपनीत, उद्या दुसरीत आणि संध्याकाळी रिक्षावर असेल, तर उरतो ठेकेदाराचा हजेरीपट. कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांनुसार तो शेवटच्या नोंदीपासून तीनच वर्षं जपायचा असे.